फोटोला लाल चिठ्ठी

आमच्या शाळेत इतिहासाचे एक सर होते, ते पोळीची जाडी मोजायचे. हे मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस! मी नवी कोरी गणिताची शिक्षिका. कासारवाडीच्या त्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले, तर समोरच्या गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून जाडी मोजायचं स्टीलचं व्हर्नियर काढलं, माझ्या पोळीची कड त्याच्या जबड्यात अलगद धरली आणि म्हणाले, "मधे पातळ, कडेला जाड. लाटताना हात बाहेर गेला की सैल पडतोय."

"सर, पोळ्या सासूबाईंनी केल्यात," मी म्हटलं.

"मग त्यांना सांगू नका." त्यांनी व्हर्नियर पुसून खिशात ठेवलं आणि स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या झाकणात वाढली. आमची मैत्री झाली ती त्या चटणीमुळे, हे कबूल करते.

सर मूळचे मास्तर नव्हेत. शाळेत येण्याआधी अकरा वर्षं ते चिंचवडच्या एका कंपनीत माल तपासायचे. लेथवर कातलेले लोखंडी बुश, म्हणजे आखूड पोकळ नळ्या, ट्रे भरभरून त्यांच्या काचेच्या खोलीत यायचे, सर एकेक उचलून मापाला लावायचे. बसला तर हिरवी चिठ्ठी, नाही बसला तर लाल. पुढे कंपनी बंद पडली. लोक रिक्षा घेऊन बसले, कुणी वडापावची गाडी टाकली, सरांनी बी.एड. केलं. नोकरी सुटली पण सवय काही सुटली नाही. खडू हातात आला की आधी तो सरळ आहे का ते बघणार. बसस्टॉपवरच्या वेळापत्रकापुढे घड्याळ धरून उभे राहणार आणि निगडीची बस चार मिनिटं उशिरा आली की कंडक्टरला शांतपणे म्हणणार, "भाऊ, तुमचा माल टॉलरन्सच्या बाहेर गेला." टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक, हे ठाऊक नसलेला कंडक्टर बिचारा तिकीट फाडून मोकळा व्हायचा. रोजचंच होतं ते.

इतिहास शिकवताना त्यांचा पुस्तकावर फारसा भर नसायचा. त्यांचा जीव होता जुन्या फोटोंवर. एका पत्र्याच्या पेटीत शेकड्यांनी फोटो होते. काही वर्तमानपत्रांतून कापलेले, काही जुन्या बाजारातून आणलेले, काही मुलांच्या घरून मागून आणून प्रती काढलेले. दुष्काळी कामावरची माणसं, धरणात जाणारं गाव, गिरणीच्या फाटकाबाहेरची गर्दी, कुठल्याशा पुढाऱ्याची सभा. तासाला आले की फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायचे. डावीकडे लिहायचे 'दिसतं', उजवीकडे 'वाटतं'. मग एक फोटो वर्गात फिरायचा आणि मुलं एकेक गोष्ट सांगायची.

"सर, ही माणसं गरीब आहेत."

"गरीब दिसतंय कुठे? दाखव बोट ठेवून."

"सर, पायात चप्पल नाही."

"हां! चप्पल नाही, हे दिसतं. गरीब, हे वाटतं. कदाचित देवळाबाहेर उभी असतील. पुढे बोल."

एखाद्या मुलाने 'वाटतं'मधली गोष्ट 'दिसतं'मध्ये घुसवली, तर अख्खा वर्ग ओरडायचा, "लाल चिठ्ठी!" मुलांना याची इतकी चटक लागली होती, की शेजारच्या वर्गात मी त्रिकोणाचे कोन शिकवत असताना भिंतीपलीकडून हा गलका यायचा आणि माझी पोरं माझ्याकडे असं बघायची, जणू त्यांना चुकीच्या गाडीत बसवलंय. सरांचा मला त्या वेळी मनापासून राग यायचा.

सभेचा फोटो आला की सर एकच गोष्ट सांगायचे. "भाषण ठोकणाऱ्याकडे सगळेच बघतात. त्याच्या डोक्यावर छत्री कोणी धरलीय, ते बघा. त्याचा हात दुखतोय का बघा." मग मुलं भिंग घेऊन छत्रीवाल्याचा हात शोधायची. एका फोटोत त्यांना सापडलं, की छत्री धरणारा माणूस स्वतः उन्हात होता आणि त्याने डोळे मिटून घेतले होते. त्या माणसाचं नाव काय असेल, यावर वर्गात पाऊण तास चर्चा झाली. पुढाऱ्याचं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही.

दर जूनमध्ये नव्या वर्गाला पहिला फोटो मिळायचा तो सरांच्या स्वतःच्या लग्नाचा. सर हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे राहायचे आणि मुलांना म्हणायचे, "सोडू नका मला." मुलं कशाला सोडतात? कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात, म्हणजे कोट दुसऱ्याचा. नवरीच्या कपाळावर घाम आहे आणि मागच्या पंख्याची पाती स्पष्ट दिसतात, म्हणजे पंखा बंद. डावीकडचे काका कॅमेऱ्याकडे न बघता ताटाकडे बघतायत. एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, नवरी तुमच्याकडे बघत नाहीये, तुमच्या मोठ्या बाह्यांकडे बघून हसतीये." सरांनी भिंग लावून पाहिलं. तीस वर्षं तो फोटो त्यांच्या घरात होता. घरी जाऊन त्यांनी बायकोला विचारलं. त्या म्हणाल्या, "मग काय! हसू आवरता आवरत नव्हतं. तुम्हाला आज कळलं होय?" दुसऱ्या दिवशी सरांनी त्या मुलीला हिरवी चिठ्ठी आणि एक पेरू दिला.

या शिक्षणाचे परिणाम घरोघरी भोगावे लागले. मुलं आईवडिलांच्या अल्बमात शिरली. एका घरी पोराने शोधून काढलं, की आत्याच्या साखरपुड्याच्या फोटोत ज्या काकांनी 'तब्येत बरी नव्हती म्हणून आलो नाही' असं सांगितलं होतं, ते मागे आरशात जिलेबी खाताना दिसतायत. त्यावरून भावाभावांत जुंपली. तक्रार मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी सरांना बोलावून "आधी अभ्यासक्रम पूर्ण करा" असं बजावलं. पण पुढच्याच आठवड्यात एक पालक पेढे घेऊन आले. ते चाकणला फ्लॅट बुक करायला निघाले होते. जाहिरातीत इमारतीमागे नदी आणि हिरवे डोंगर होते. त्यांचा मुलगा ते चित्र बघून म्हणाला, "पप्पा, बिल्डिंगची सावली डावीकडे पडलीये, झाडांची उजवीकडे. नदी चिकटवलेली आहे." प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर मागे ट्रकचा अड्डा! पेढे खाल्ल्यावर मोठ्या बाईंनी अभ्यासक्रमाचा विषय काही दिवस काढला नाही.

असे हे सर. माणूस प्रेमळ, पण हट्टी म्हणजे किती असावा? एकदा लाल चिठ्ठी लागली की ती ब्रह्मदेव आला तरी निघायची नाही. "माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने शब्द फिरवला की कंपनी बुडते," असं ते म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही शब्द फिरवला नाहीत तरी तुमची कंपनी बुडालीच की." दोन दिवस चटणी मिळाली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. एक मे रोजी, कामगार दिनाला, शाळेत प्रदर्शन भरवायचं ठरलं. विषय, आपल्या भागातले कामगार. प्रत्येक मुलाने घरातला एक जुना फोटो आणायचा, वर्गाने तो तपासायचा, सरांनी चिठ्ठी लावायची. हिरवी चिठ्ठी मिळाली तरच तो हॉलच्या भिंतीवर लागणार. खाली मुलाच्या हातची दोन ओळींची माहिती. मुलं फोटो घेऊन धावत सुटली. कंपनीच्या फाटकाबाहेरचे फोटो आले, सायकलींच्या रांगांचे आले, कॅन्टीनचे आले.

आठवीतल्या सुजाताने तिच्या आजीचा फोटो आणला. काळापांढरा, कडा कातरलेला. पांढरी साडी नेसलेली एक ठेंगणी तरुण बाई लेथ मशीनपाशी उभी. मशीनला झेंडूची माळ. बाईचा हात मशीनच्या गोल हँडलवर आणि डोळे थेट कॅमेऱ्यात.

"ही माझी आजी," सुजाता म्हणाली. "ती हे मशीन चालवायची."

सरांनी फोटो हातात घेतला, भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ही तर आमची कंपनी! ही खिडकी, हा खांब. मी तर इथेच होतो!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग सरांनी फोटो पुन्हा पाहिला आणि त्यांच्या भुवया हळूहळू जवळ आल्या.

"बाळ, हा दसऱ्याचा फोटो आहे. माळ बघ. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्या मंडळींना आत सोडायचे. सगळे आपापल्या बायकोला मशीनपाशी उभं करून फोटो काढायचे. ही साडी बघ, ठेवणीतली, स्वच्छ. कामावरची बाई अशी येईल का?"

"पण सर, आजी तिथं कामाला होती."

"असेल. कागदावर काय होती?"

"हेल्पर," सुजाता हळूच म्हणाली.

"म्हणजे बर, लोखंडाचा चुरा, गोळा करणं, झाडणं, ट्रे उचलणं. तेही काम मोठंच आहे, आपण तसं लिहू. पण मशीन चालवायची असं लिहिता येणार नाही. मी अकरा वर्षं होतो तिथे. एकही बाई मशीनवर पाहिली नाही." आणि त्यांनी फोटोच्या मागे लाल चिठ्ठी लावली.

मधल्या सुट्टीत सुजाता माझ्या वर्गाच्या दाराशी उभी राहिली, डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, घरी पण कुणी मानत नाही. आजी सांगायला लागली की बाबा आणि काका हसतात. म्हणतात, आई, तू झाडू चालवत होतीस, मशीन नाही. आजीने फोटो देताना मला सांगितलं, तुझे सर त्याच कंपनीतले हायत, त्यांना दाव, त्ये वळखतील. आता घरी जाऊन काय सांगू?"

माझं पित्त खवळलं. मी तशीच स्टाफरूममध्ये गेले. "सर, एक म्हातारी बाई तीस वर्षं एक गोष्ट सांगतीये आणि तिला तुम्ही एका मिनिटात खोटं पाडलंत!"

"मी तिला खोटं नाही पाडलं, मॅडम. फोटोला पाडलं. म्हातारपणी आठवणी गोड होतात. आज मी तिला हिरवी चिठ्ठी दिली, तर उद्या या पोरांनी माझ्यावर विश्वास का ठेवायचा?"

"आणि तुमची आठवण? ती म्हातारी होत नाही वाटतं?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेले. त्यांचं चुकत होतं असं तरी मी कशावरून म्हणत होते? माझ्याकडे पुरावा नव्हता, नुसता संताप होता.

पुरावा सुजाताने आणला. कसा, ते ऐकण्यासारखं आहे. ती आठ दिवस कासारवाडी आणि चिंचवडची घरं हिंडली. जुन्या कामगारांच्या घरी जाऊन म्हणायची, "काका, दसऱ्याला कंपनीत काढलेला फोटो आहे का?" नऊ फोटो मिळाले. नऊ बायका, नऊ मशिनं, नऊ झेंडूच्या माळा. सरांच्या तासाला तिने ते सगळे टेबलावर ओळीने मांडले, शेवटी आजीचा ठेवला, आणि फळ्यावर स्वतः मधोमध रेघ मारली. मी तेव्हा मोकळी होते. खरं सांगायचं तर मुद्दाम मोकळी झाले होते. मागच्या बाकावर जाऊन बसले.

"सर, या नऊ फोटोंत बायका मशीनपासून लांब उभ्या आहेत. पदर आवरून धरलाय. दोघींनी हात लावलाय, पण बोटांची टोकं फक्त. तेल लागेल म्हणून. माझ्या आजीने हँडल मुठीत धरलंय, आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीये. दिसतंय का?"

"दिसतंय," वर्ग म्हणाला.

"पांढरी साडी. सर, तुम्ही म्हणालात ती पाहुणी म्हणून नेसून आली. आमच्यात दसऱ्याला पांढरीच साडी नेसतात. दुपारी विहारात जायचं असतं. म्हणजे साडीवरून ती पाहुणी ठरत नाही."

सरांनी मान हलवली. "मान्य. पण त्यावरून ती मशीन चालवायची हेही ठरत नाही."

"हो सर. आता खाली बघा. पायांपाशी."

सर वाकले. फोटोच्या अगदी खालच्या कडेला, आजीच्या पायांखाली एक लाकडी फळी होती. जाड, वीतभर उंच, तेलाने काळी पडलेली. आजी त्या फळीवर उभी होती. आणि तिच्या दोन्ही पावलांच्या आजूबाजूला ती फळी झिजून खोलगट झाली होती.

"बाकी नऊ फोटोंत फळी नाही. आजी बुटकी आहे, तिला हँडलला हात पुरायला फळी लागली. फोटोपुरती कुणी फळी आणली असेल असं म्हणू. पण सर, फोटोपुरती उभी राहिली तर फळी झिजेल का?"

सुजाताने फळ्यावरच्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि सर, तुम्ही म्हणालात अकरा वर्षांत एकही बाई पाहिली नाही. ते तुम्ही 'दिसतं'मध्ये घातलंत. ते फोटोत नाहीये. ते 'वाटतं'मध्ये येतं."

एरवी अशा वेळी पोरं "लाल चिठ्ठी" म्हणून किंचाळली असती. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. सगळी सरांकडे बघत राहिली.

सर फोटोवर वाकलेले होते ते तसेच राहिले. मग खुर्ची ओढून बसले. आणि म्हणाले, "या फळीला मी ठेचकाळलो होतो."

कुणाला काही कळेना.

"मशीनच्या रांगेतून जाताना. अंगठ्याचं नख गेलं होतं. मी सुपरवायझरकडे तक्रारसुद्धा केली, की ही फळी वाटेत आहे, हलवा म्हणून. त्या मशीनचा ऑपरेटर सहा फूट उंच होता. सहा फुटी माणसाच्या मशीनपाशी फळी कशाला, हे मी विचारलंच नाही." ते सुजाताकडे बघत म्हणाले, "मला तुझ्या आजीला भेटायचंय. त्यांना प्रदर्शनाला घेऊन ये. येतील का गं?"

सुजाताने मान डोलावली. सरांनी फोटोमागची लाल चिठ्ठी नखाने खरवडून काढली. ती नीट निघेना, थोडी चिकटूनच राहिली. दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले नाहीत. माझ्या माहितीत त्यांची ती पहिलीच रजा. मला वाईट वाटलं आणि, लपवत नाही, थोडं बरंही वाटलं.

एक मेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. आजी आल्या त्या सुजाताच्या बाबांबरोबर. ठेंगण्या, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. सर दारातच उभे होते. आजींनी हात जोडले. "जय भीम, सायेब. वळखलं का?"

"जय भीम. नाही ओळखलं, आजी. तेच तर सांगायचंय."

"कसं वळखाल? तुमी राउंडला निघाला की आमी जागा बदलायचो. मी झाडू घ्यायची, त्यो मशीनला हात लावून हुबा ऱ्हायचा."

"तो म्हणजे ऑपरेटर?"

"व्हय. त्याचे डोळे गेले व्हते, सायेब. समोरचं माप दिसंना. कंपनीला कळलं असतं तर घरी बसवलं असतं, आन् पदरात तीन लेकरं. मला म्हनला, ताई, तू शिक, मी शिकवतो. हाताला हात धरून शिकवलं बगा त्यानं. फळी बी त्यानंच आनून दिली. सुपरवायझरला ठावं व्हतं. पर माल येळेवर जात व्हता, त्यो कशाला बोलतोय? सात वर्सं चालवलं मी त्ये मशीन."

"गेटाकडून तिसरं," सर म्हणाले.

"तिसरंच."

सरांनी चष्मा काढला. "आजी, त्या मशीनचा एकही ट्रे मी कधी परत पाठवला नाही. बाकी सगळ्यांचे पाठवले. मी त्या माणसाचं नाव उत्तम कारागीर म्हणून दिलं होतं. माझ्या शिफारशीवर त्याला कप मिळाला होता."

आजी मनापासून हसल्या. "ठावं हाय की! कप घेऊन आला आन् लाजून चूर. म्हनला, ताई, ह्यो तुजा हाय, घरी ने. मी म्हनलं, मी नेऊन काय सांगू, झाडू मारल्याचा कप मिळाला? मंग दोगांनी मिळून पेढे खाल्ले. आन् फोटो बी त्यानंच काढायला लावला, त्या दसऱ्याला. म्हनला, कुटं तरी ऱ्हाऊ दे, ताई."

शेजारी उभे असलेले सुजाताचे बाबा जमिनीकडे बघत होते. आईच्या गोष्टीला ते आयुष्यभर हसत आले होते. त्यांनी आजींचा हात धरला, तो पुढे बराच वेळ सोडला नाही.

मग आम्ही सगळे फोटोपाशी गेलो. सर तो भिंतीवर अगदी मधोमध लावून बसले होते. खाली सुजाताच्या अक्षरात आजींचं पूर्ण नाव आणि 'लेथ मशीन चालवताना'. ऑपरेटरचं नाव नव्हतं. सुजाता म्हणाली, आजीने घालू दिलं नाही, त्यांची मुलं इथेच राहतात म्हणून. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती, ती सरांच्या अक्षरात. सुजाताने ती आजींना वाचून दाखवली. 'या मशीनवरचा माल मी तपासत होतो. माल पाहिला, माणूस पाहिला नाही.' खाली सरांची सही.

आजींनी ऐकलं. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "ह्ये खोडा."

"का, आजी? खरं आहे ते."

"खरं आसंल. पर तुमी बगितलं असतं तर काय केलं असतं? खरं सांगा."

मला वाटलं, सर विषय बदलतील. पण खोटं त्यांना जमत नव्हतंच. "वर कळवलं असतं," ते म्हणाले. "कागदावर हेल्पर असलेली बाई मशीनवर. नियमाने कळवावंच लागलं असतं."

"मंग? त्याची बी नोकरी गेली असती आन् माजी बी. त्याची लेकरं शिकली ती तुमी बगितलं न्हाई म्हनून. माजी बी." आजींनी सुजाताच्या बाबांकडे बोट केलं. "बरं झालं बगितलं न्हाई. लई उपकार झालं, सायेब."

सर हसायला गेले आणि ते हसू मधेच कुठेतरी अडकलं. सात वर्षांच्या आपल्या चुकीसाठी कुणी आपले आभार मानेल, याची तयारी त्या माणसाने केली नव्हती. शिक्षकांना मुलांदेखत रडू नये असं वाटतं. मलाही वाटतं. मी रडले.

"आजी," सर शेवटी म्हणाले, "आता बघितलं तर चालेल का?"

"आता काय भ्या हाय? बगा की."

आजींनी मुलाच्या हातातून हात सोडवला, पदर खांद्यावरून मागे घेऊन कमरेला खोचला आणि फोटोशेजारी जाऊन ताठ उभ्या राहिल्या. हॉलमधली पोरं सरकून मागे झाली. सरांनी चष्मा पुसून लावला आणि त्यांच्यासमोर हात बांधून, एखाद्या विद्यार्थ्यासारखे, बघत उभे राहिले. कुणी घाई केली नाही.